कुलूप, किल्ली आणि बिजागरी : पनवेलच्या एका पेटीची गोष्ट

१/ जुन्या पनवेलमधील एका वाड्यात सागवानी पेटी होती. तिला जड पितळी कुलूप होते आणि त्याची किल्ली आजोबांच्या पश्चात कुणालाच सापडली नव्हती. वाडा पाडून तेथे इमारत उभी राहणार होती. भाडेकरू म्हणून हक्क सांगण्यासाठी जुन्या भाडेपावत्या हव्या होत्या. पावत्या पेटीत होत्या आणि मुदत एका महिन्याची होती.

२/ काकांनी हातोडा आणला. आजीने तो परत ठेवायला लावला. "कुलूप तोडतात ते चोर. हे आपल्या घरचं आहे." बावीस वर्षांची नात म्हणाली, "आजी, मी शिकते उघडायला." काका हसले. पण किल्लीवाचून कुलूप उघडण्याच्या विद्येला फार जुना इतिहास आहे.

३/ शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक आठवावा. चारुदत्ताच्या घराला भोक पाडताना ते कोणत्या आकाराचे असावे याचा तो रसिकतेने विचार करतो. मोजण्याची दोरी विसरल्यावर जानवेच काढतो आणि त्याचे उपयोग सांगतो : भिंत मोजणे, दागिन्यांचे फासे सोडवणे, यंत्राने बंद केलेले दार उघडणे, साप चावल्यास बांधणे. चोरीचेही शास्त्र असते, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे.

४/ ही विद्या उघडपणे चर्चेला आली ती लंडनमध्ये. जोसेफ ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेले असे. ते उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस होते. साठ वर्षे ते कुणालाही उघडता आले नाही. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कारागीर आला. त्याने आधी चब कंपनीचे नावाजलेले कुलूप २५ मिनिटांत उघडले. मग ब्रामांचे कुलूपही उघडले. त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले.

५/ लंडनमध्ये खळबळ उडाली. कुलपांचे दोष असे चव्हाट्यावर मांडावेत का? हॉब्जच्या बाजूचे उत्तर असे होते : चोरांना ते आधीच ठाऊक असतात, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा सज्जन. आज संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात हाच वाद याच शब्दांत चालतो.

६/ नात प्रथम बाजारातल्या किल्ल्या बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेली. त्यांनी दोनच नियम सांगितले. "ताई, कुलूप स्वतःचं असावं. आणि दाराला लागलेलं नसावं. हत्यार आत मोडलं तर घराबाहेर बसाल." पेटी त्यांनी बघायलाही घेतली नाही. "आधी हात बसू द्या."

७/ तिने सरावासाठी एक पारदर्शक कुलूप आणि दोन स्वस्त कुलपे घेतली. स्वस्तातल्या हत्यारांच्या संचाचे पोलाद पहिल्याच दिवशी वाकले. मग कारागिराच्या सल्ल्याने तिने हॅक्सॉची जुनी पाती कानशीने घासून दोन आकडे बनवले. एवढी दोन हत्यारे नीट असली की पुरे, असे त्यांचे मत होते.

८/ पारदर्शक कुलपात तिला यंत्रणा दिसली. आत पिनांच्या जोड्या असतात. योग्य किल्ली प्रत्येक जोडीची सांध नेमक्या एका रेषेवर आणते आणि मगच मधला दंडगोल फिरतो. लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना मूळ प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतली. घडणीत केसभर तफावत राहतेच. त्यामुळे दंडगोलावर हलका ताण दिला की पिना एकदम न अडकता एकेक अडकतात. सारी कला त्या तफावतीचा माग काढण्यात आहे.

९/ येथे एक इशारा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या काळात समाधानकारक कारणाशिवाय घरफोडीचे साधन जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. तिचे आकडे म्हणूनच घरातल्या खणात राहिले.

१०/ दोन आठवड्यांत स्वस्त कुलपे उघडू लागली. पेटीचे कुलूप मात्र हलेना. ते पिनांचे नव्हते, लिव्हरचे होते. त्यात पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येकीची खाच अचूक उंचीवर आली तरच बोल्ट सरकतो. पट्टी कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते.

११/ आपल्याकडे या जातीच्या कुलपांना घरोघरी नेणारे नाव म्हणजे अर्देशीर गोदरेज. वकिली सोडलेल्या या पारशी तरुणाने १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. त्याआधी शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा त्यांचा व्यवसाय फसला होता. आधुनिक देशी उद्योगातले हे मोठे नाव कुलपापासून सुरू झाले.

१२/ मुदतीला चार दिवस उरले. गोवा महामार्गाने परतताना तिची बस शिरढोणवरून गेली. वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव (१८४५). मे १८७९ मध्ये त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी याच परिसरातील पळस्पे लुटले होते. पकडले गेल्यावर फडक्यांना जन्मठेपेवर एडनला पाठवण्यात आले. तेथून ते निसटले. कोठडीचे कुलूप त्यांनी उघडले नाही. दारच बिजागऱ्यांतून उखडले. पुढे पुन्हा पकडले जाऊन १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला.

१३/ त्या रात्री तिने पेटी भिंतीपासून ओढली. कित्येक वर्षे कुणीही न पाहिलेल्या मागच्या बाजूला दोन बिजागऱ्या होत्या, बाहेरून स्क्रूने बसवलेल्या. गंजलेल्या स्क्रूंना तेल घालून ती सकाळपर्यंत थांबली. मग अर्ध्या तासात झाकण मागून उचलले गेले. कुलूप पुढे जसेच्या तसे लटकत होते. पावत्या वर्षवार दोऱ्याने बांधलेल्या होत्या. त्या वेळेत पोहोचल्या.

१४/ आजीने विचारले, "मग ते शिकणं फुकट गेलं का गं?" नातीने बिजागऱ्या पुन्हा बसवल्या होत्या. ती म्हणाली, "नाही. कुलूप अजून बाकी आहे."

१५/ ते उघडले श्रावणात, एका पावसाळी दुपारी, जेव्हा आत काहीच उरले नव्हते. बोल्ट सरकल्याचा खट्ट आवाज आजीने पलीकडच्या खोलीतून ओळखला. "हे आले की असाच आवाज यायचा," ती म्हणाली. वाडा आता नाही. पेटी नव्या घरात आहे. कारागिराने त्या कुलपाची किल्ली घडवून दिली आणि ती आजीच्या कमरेला असते.