यजमानाचे पान

एम.ए.च्या वर्गात एखाद्या वर्षी चारच विद्यार्थी उरले, की आम्हां दोघांच्या बोलण्यात लंडनचे २०१२ सालचे ऑलिंपिक हटकून निघते. आम्ही एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो; मैदानाशी आमचा संबंध बेताचाच. तरीही त्या स्पर्धेतील एक पराभूत खेळ आमच्या मनात घर करून राहिला आहे.

यजमान देशाला अनेक खेळांत पात्रता फेरीवाचून प्रवेश मिळतो. त्यामुळे ब्रिटनचे पाचशेहून अधिक खेळाडू त्या वेळी सर्वच्या सर्व २६ खेळांत उतरले. हँडबॉल मात्र ब्रिटन ऑलिंपिकमध्ये पूर्वी कधीच खेळला नव्हता. पंगतीत यजमानाचेच पान रिकामे कसे ठेवायचे? २००७ मध्ये उंच तरुण-तरुणींना जाहीर आवाहन करण्यात आले. पुरुषांची उंची सहा फूट तीन इंच आणि स्त्रियांची पाच फूट अकरा इंच हवी होती. हँडबॉल, व्हॉलीबॉल किंवा नौकानयन पुढे शिकवता येणार होते.

हेलन ग्लोव्हर या मापाला किंचित कमी पडत होती. टाचा उचलून तिने मोजणी निभावली, असे सांगतात. १ ऑगस्ट २०१२ रोजी हेदर स्टॅनिंगच्या साथीने नौकानयनात तिने यजमानांना त्या स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. हँडबॉलच्या वाट्याला मात्र पुरुष आणि स्त्रिया मिळून दहा सामने आले, आणि दहाही पराभव. फ्रान्सने पुरुषांच्या संघाला ४४-१५ असे हरवले. त्याच डिसेंबरात पुढील ऑलिंपिकसाठीचे हँडबॉलचे सरकारी अर्थसाहाय्य पूर्णपणे थांबवण्यात आले. पाहुणे गेले, मांडव उतरला.

येथे आम्हां दोघांत मतभेद आहे. एकाचे म्हणणे असे, की पैसा लोकांचा असतो. पदकाची शक्यता पाहूनच तो वाटावा, आणि ब्रिटनची २९ सुवर्णपदके त्याच हिशेबातून आली. दुसरीचे म्हणणे असे, की पाच वर्षांत संघ उभा राहतो, परंपरा नव्हे. ज्याला मुळे धरायलाच वेळ दिला नाही, त्याची फळे कशी मोजायची?

आमच्याही घरी मांडव पडला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, समारंभ झाले, आम्ही भाषणे केली. वर्गातले बाक होते तसेच राहिले. त्यानंतर आमच्या चारांतील एका विद्यार्थिनीने, कवितेची उत्तम जाण असलेल्या मुलीने, ‘आता पुढे काय करू?’ असे विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरून ठेवायला सांगितले.

सल्ला व्यवहार्य होता. तिने मानही डोलावली. परंतु घरी परतताना वाद घालायला आम्हां दोघांपैकी कोणाकडेच बाजू उरली नव्हती. अर्थसाहाय्य थांबवणारा तो हिशेब या वेळी आम्हीच, एकमताने, केला होता.