बाभळीचे वर्ष

इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नामक जमीनदाराने १७३६ साली ओकच्या पहिल्या पालवीसारख्या वसंताच्या खुणांची नोंद ठेवण्यास आरंभ केला आणि त्याच्या वंशजांनी ते दप्तर १९५८ पर्यंत पुढे चालविले, ही हकीकत वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. सोलापूर जिल्ह्यात ओक उगवत नाही. परंतु तितक्याच निष्ठेने निरखावे असे एक झाड येथील प्रत्येक गावाच्या शिवारात उभे आहे, आणि ते म्हणजे बाभूळ. ओकच्या सालीने यूरोपात कातडी कमावली, तशी बाभळीच्या सालीने आमच्याकडे कमावली; आणि ज्या बैलगाडीवर या मुलुखाचा व्यवहार चालला, तिच्या चाकांचे तुंबे आणि आरे बाभळीचेच असत.

वर्षाकाठी सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस, तोही मृगापेक्षा उत्तरा-हस्ताच्या भरवशावर पडणारा, अशा या अवर्षणप्रवण प्रदेशात गवताचे, पिकाचे आणि माणसाचेही वर्ष पावसापासून मोजले जाते. बाभळीच्या वर्षाचा जमाखर्च मात्र उन्हाळ्यात मिटतो, असे दीर्घ निरीक्षणान्ती माझे मत झाले आहे.

सीनेच्या काठी, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत, काळ्या जमिनीच्या खोलगटीत ज्या बाभळी आहेत त्या आषाढ-श्रावणात पिवळ्या गेंदांनी फुलतात, आणि विहिरीवर झुकलेल्या फांद्यांना त्याच सुमारास सुगरणींचे खोपे लोंबू लागतात. यांतील एक गेंद भिंगाखाली धरला, तर ज्याला आपण फूल म्हणतो तो कित्येक सूक्ष्म फुलांचा समूह असून त्याचा सोनेरी रंग पाकळ्यांचा नव्हे, तर असंख्य पुंकेसरांचा आहे, हे ध्यानात येते. या अपार बहरापैकी फारच थोड्या गेंदांना शेंग धरते. बाकीचा सारा बहर झाडाखाली गळून पडतो.

हिवाळ्यात शिवारात शाळू डोलत असताना बाभळीच्या कोवळ्या हिरव्या शेंगा इतक्या संथपणे वाढतात की, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या त्या नजरेसही येत नाहीत. शेतकऱ्याची तक्रार याच दिवसांतली असते: बाभळीच्या सावलीत ज्वारी खुरटते. ही तक्रार खरी आहे, आणि केवळ तिच्या आधारे अनेक बांध उघडे झाले, हेही खरे आहे.

परंतु झाडाची खरी कर्तबगारी पाहावयाची, तर चैत्र-वैशाखात पाहावी. पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला, काळी जमीन हातभर भेगाळलेली, कडबा संपत आलेला. आणि नेमक्या त्याच वेळी, खोल गेलेल्या सोटमुळाच्या बळावर हिरवी राहिलेली ही बाभूळ पिकलेल्या शेंगांचा सडा घालते. शेंग हाती घेतली तर प्रत्येक बीजाच्या दोन्ही बाजूंना ती आवळलेली, माळेत ओवलेल्या मण्यांसारखी दिसते. तिच्यावर करड्या-पांढऱ्या लवेचे मऊ आच्छादन असते. शेळ्यामेंढ्या त्या शेंगांवर तुटून पडतात. गर पचतो, परंतु कठीण कवचाचे बी न पचता लेंडीबरोबर किंवा रवंथ करताना बाहेर पडते, आणि पोटातील संस्काराने त्याचे कवच मऊ झाल्यामुळे ते अधिक सुलभतेने रुजते. शेळ्यांच्या कोंडवाड्यांतून बाभळीचे बियाणे गोळा करण्याची वनखात्याची जुनी रीत याच अनुभवावर आधारलेली आहे. वैशाखात बी खताबरोबर जमिनीवर पडावे आणि पंधरवड्या-महिन्यात मृगाची सर यावी, इतका नेमका हा मुहूर्त आहे. श्रावणातील फुलाला शेंग होऊन पिकण्यास आठ-नऊ महिने का लागावेत, याचा उलगडाही मला येथेच होतो.

ही व्यवस्था किती समर्थ आहे याचा दाखला परदेशातही मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात सावली आणि चारा यांसाठी नेलेली बाभूळ गुरांच्याच पोटातून गवताळ राने व्यापीत गेली आणि उपद्रवी म्हणून घोषित झाली. म्हणूनच आमच्या जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्यातील गवती माळावर ती लावावी असे मी कधीही म्हणणार नाही. माळ गवताचाच राहिला पाहिजे. तिची जागा ओढ्याकाठी आणि बांधावर आहे, आणि तेथे मात्र ती राखलीच पाहिजे.

गावोगावच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, शाळेजवळची एक बाभूळ निवडून तिच्या पहिल्या गेंदाची आणि पहिल्या पिकल्या शेंगेची तारीख मुलांकरवी दरसाल वहीत लिहवून घ्यावी. पीकपाहणीत बांधावरील झाडांची संख्या नोंदली जाते, परंतु त्यांचा हंगाम कोणी लिहीत नाही. आणि पाऊस मागेपुढे सरकू लागला असता हा मुहूर्त टिकतो की ढळतो, हे कळण्यास अशा वह्यांवाचून अन्य साधन नाही. शेतकऱ्यानेही बांधावरचे रोप उपटण्यापूर्वी एक हिशेब करावा: सावलीने ज्वारीची चार ताटे कमी आली खरी, परंतु चारा-छावणीचा हुकूम सरकारदरबारी निघण्याच्या कितीतरी आधी, त्याच्या शेळ्यांची वैशाखातील तरतूद या झाडाने श्रावणातच सुरू केलेली असते.