हवा कुठून जाते?

आषाढी एकादशी झाली की लग्नं थांबतात आणि बँडवाल्यांची वाद्यं माझ्याकडे यायला लागतात. वापी, तलासरी, जव्हारकडची मंडळी जुने सॅक्सोफोन घेऊन सिल्वासाला येतात, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “काका, एकदम चकाचक करून द्या.” मी ते सोडून बाकी सगळं करतो. बफिंगच्या चाकाला लावलं की पितळ झिजतं, बेलवरचं, म्हणजे पुढच्या कर्ण्यावरचं, कोरीवकाम पुसट होतं आणि आवाजात काडीचा फरक पडत नाही.

जुन्या सॅक्सचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं, हवा गळते. नळीवर वीस-पंचवीस भोकं, प्रत्येकावर चामड्याने मढवलेलं नमद्याचं पॅड. ते भोकाच्या काठावर चहूबाजूंनी सारखं टेकलं पाहिजे. इथल्या पावसात चामड्याला बुरशी धरते, सुईसारख्या स्प्रिंगा गंजतात. मग खालचे सूर फुटायला लागतात आणि वाजवणारा रीडच्या, म्हणजे तोंडातल्या जिभलीच्या, नावाने खडे फोडतो. गळती वरच्या भोकाला असते, बोंब खाली होते.

ती शोधायला दुकानातला दिवा घालवतो, नळीत बारीक एलईडीची पट्टी सोडतो आणि एकेक चावी हलक्या बोटाने दाबतो. हलक्याच, कारण जोर लावला तर कसलंही पॅड बसल्यासारखं दिसतं. काठाशी केसाएवढी उजेडाची रेघ दिसली की चोर सापडला. मग चावीची वाटी पाठीमागून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. पॅड चिकटवलेली आतली लाख मऊ पडते, पॅड सैल होतं. त्याला रेघेच्या बाजूला गुंजभर कलतं करायचं आणि निवेपर्यंत हात लावायचा नाही. हल्ली ग्लू गन चालवणारे पुष्कळ आहेत. मला लाखच बरी वाटते. ती परत तापवली की परत ऐकते. युरोप-अमेरिकेतले कारखानेही लाखेवरच पॅड बसवत, आणि जगाला लाख पुरवण्यात भारत पुढे होता.

बँड गप्प झाले की इकडच्या वारली-कोकणा पाड्यांवर तारप्याचे दिवस येतात. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, आत बांबूच्याच जिभल्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. सांधे बुजवायला मधमाश्यांचं मेण. तारपेकरी फुंकून बघतो, अंगठ्याने मेण दाबतो, पुन्हा फुंकतो. बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्सने पॅरिसला १८४६ साली पेटंट घेतलेलं वाद्य पितळेचं असलं तरी बोलतं ते असल्याच जिभलीवर. एकाची हवा लाखेच्या किड्याने अडवायची, दुसऱ्याची मधमाशीने. मला तर ही भावंडंच वाटतात.

पैसेवाला शौकीन आला की सेल्मरच्या ‘मार्क सिक्स’बद्दल विचारतो. पॅरिसच्या त्या कंपनीने हे मॉडेल १९५४ साली काढलं. त्याच वर्षी २ ऑगस्टला सिल्वासावरचा पोर्तुगीज झेंडा उतरला. त्या मुक्तीच्या मोहिमेला निधी मिळावा म्हणून लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता, आणि सुधीर फडके तर स्वतःच मोहिमेत होते. आमच्या गावाच्या सुटकेत गाणाऱ्यांचा हात आहे, हे मी प्रत्येक सेल्मरवाल्याला ऐकवतो. त्यांना सीरियल नंबरात जास्त रस असतो.

माझा जीव मात्र अमेरिकेतल्या एल्कहार्टच्या कॉन कंपनीच्या जुन्या सॅक्सवर. त्यांच्या कितीतरी सॅक्सना भोकांचे काठ बाहेर गोल वळवलेले आहेत. पॅड त्यावर छान बसतं, पण काठ वाकडा झाला की कानस चालवायची सोय नाही. वळलेली कड घासली गेली की ती संपलीच. नळीच्या आतून लोखंडी दांडा घालून, बाहेर सपाट पट्टी धरून, बसका भाग कणाकणाने उचलावा लागतो. एका भोकाला अख्खी दुपार जाते आणि पैसे मागितले की बँडवाला म्हणतो, “पण पॅड तर एकच बदललं ना, काका?”