फौजींच्या लेकरांच्या बाईंना

सातारा,
20 जून

चि. मनूस,


तुला कोणत्या गावची शाळा मिळाली ते कळलं आणि फार बरं वाटलं. त्या पट्ट्यात घरटी कुणीतरी मिलिटरीत आहे. अपशिंगे तर नावानंच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ तिथं आहे. हा अभिमान तुझ्या वर्गातही असणार, आणि असावाच. पण 15 ऑगस्टला ज्या पोराला आपण टाळ्या वाजवून पुढं बोलावतो, ते 16 तारखेलाही वडिलांविनाच घरी जातं. मला त्या 16 तारखेबद्दल लिहायचं आहे.

शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं. फौजीच्या पोराचं वर्ष वडिलांच्या एका सुट्टीपासून दुसऱ्या सुट्टीपर्यंत असतं. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची किरकोळ रजा असते खरी, पण ती पलटणीतल्या पाळीप्रमाणं मिळते. सगळ्यांना दिवाळीला किंवा मे महिन्यात कसं सोडणार? म्हणून वडील ऐन सहामाहीच्या तोंडावर येतात आणि पोर शाळेला दांडी मारतं. त्याला रागावू नकोस. दोन-चार दिवस जाऊ दे, अभ्यास नंतर भरून घे. उलट वडिलांनाच शाळेत बोलाव. त्यांच्यासाठी पालकसभेची तारीख पाहू नकोस; ते गावात असतील तोच सभेचा दिवस. लेकराची वही त्यांच्या हातात दे, त्याच्या बाकावर बसव. तुझे मामाही फौजेत; त्यांना आमच्या मुलांच्या यत्ता पाठ असायच्या, पण लेकरांचं अक्षर कसं आहे ते त्यांनी क्वचितच पाहिलं. हे दुःख माणूस पत्रात लिहीत नाही, फोनवरही बोलत नाही.

सगळ्यात जपायचे दिवस असतात ते वडील परत गेल्यानंतरचे. सुट्टीत घराचा कारभार बदलतो. शिस्त त्यांची, लाडही त्यांचेच. मग एका सकाळी ट्रंक निघते आणि सगळं पुन्हा आईवर येतं. त्या आठवड्यात पोर भांडतं, पोट दुखतं म्हणतं, नाहीतर गप्प बसतं. कारण विचारत बसू नकोस. त्याला फळा पुसायला सांग, हजेरी आणायला पाठव, आवडत्या मित्राशेजारी बसव. आईला विचारून ठेवलंस तर ते दिवस तुला आधीच कळतील.

दुसरी गोष्ट बदल्यांची. पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब ठेवता येतं अशा ठिकाणी, क्वार्टर मिळालं की बायकामुलं बरोबर जातात. फिल्ड पोस्टिंग आलं की बिऱ्हाड बहुतेक वेळा गावी परततं. केंद्रीय विद्यालयं 1963 साली सुरू झाली ती अशा बदल्यांच्या लेकरांसाठीच. जोधपूरला सुटलेला धडा पठाणकोटला सापडतो. पण केंद्रीय विद्यालयातून पोर अर्ध्या वर्षात तुझ्या मराठी शाळेत आलं, की खरी अडचण सुरू होते. लिपी एकच असल्यामुळं ते मराठीचं पुस्तक घडाघडा वाचतं आणि बाईंना वाटतं, याला येतंय. मग लिहायला लावलं की ‘ळ’चा ‘ल’ होतो, वाक्य हिंदीच्या वळणावर जातं. घरी ते आईशी चांगलं मराठी बोलतं, हे लक्षात ठेव. आधी त्याला तोंडी सांगू दे, मग तेच लिहू दे. त्याच्या हिंदीला वर्गाला हसू देऊ नकोस. हिंदीच्या तासाला त्यालाच वाचायला उभं कर.

अशा वेळी आधीच्या शाळेच्या दाखल्यावरून कुणी आईला हेलपाटे घालायला लावले तर तू मध्ये पड. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे: आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आईच्या एका हातात सामानाची यादी आणि दुसऱ्या हातात लहानगं असतं. कायदा बाईंना ठाऊक असला की तिच्या किती खेपा वाचतात!

‘तुझे बाबा सध्या कुठं आहेत?’ असं भर वर्गात विचारू नये. पुष्कळदा ते घरच्यांनाही सांगायचं नसतं. सीमेवर काही घडल्याची बातमी टीव्हीवर असेल, त्या दिवशी वर्गात त्यावर चर्चा नको. आणि दिवसाउजेडी कधी रेंज मिळून वडिलांचा फोन आला, आई धावत शाळेच्या दारात आली, तर गणिताचा तास चालू असला तरी त्याला बाहेर सोड. याला हेडमास्तरांची परवानगी आत्ताच, जूनमध्येच घेऊन ठेव.

एखाद्या लेकराचे वडील परत आलेले नसतील, तर त्याच्या सवलतींचे कागद वर्गासमोर मागवू नकोस. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आईबरोबर तू स्वतः जा. आणि त्याला व्यासपीठावर बसवायचं ठरलंच, तर आधी त्यालाच विचार. ते नाही म्हणालं तर तिथंच थांब.

पहिली पालकसभा कधी घेतेस ते कळव. दुपारी ठेवू नकोस, या बायका तेव्हा रानात असतात. नवरा सीमेवर, म्हणजे शेतही त्यांच्याच गळ्यात. दिवेलागणीनंतर ठेव. मी येईन, पाचवी-सहावीच्या मुलांच्या आयांशी मी बोलते.

तुझी,
आत्या