मुंग्यांचं वाळवण

परवा तीन दिवसांच्या झडीनंतर छान ऊन पडलं. सकाळी टेकडीवर फिरायला गेले, तर पायवाटेच्या कडेला मुंग्यांच्या बिळापाशी गवताच्या बियांचा छोटा ढीग दिसला. आधी वाटलं, टरफलं असतील. वाकून पाहिलं तर सबंध दाणे! मुंग्या आतून एकेक दाणा आणून उन्हात ठेवत होत्या. आपण दमट झालेलं धान्य गच्चीवर घालतो ना, अगदी तसंच.

आणि मला एकदम तिसरीच्या वर्गातला तो मुलगा आठवला.

गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची. मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट शिकवून झाली होती. 'मुंगी अन्न का साठवते?' या प्रश्नाला त्याने उत्तर लिहिलं, 'पावसाळ्यासाठी'. मी लाल रेघ मारली. तो म्हणाला, "बाई, आमच्या रानात मुंग्या थंडीतच दाणे नेतात." मी म्हटलं, "पुस्तकात 'हिवाळ्यासाठी' आहे, तेच लिहायचं." तो गप्प खाली बसला.

निवृत्तीनंतर कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नोंदी वाचनात आल्या. जून १८२९ मध्ये पुण्यात कवायतीच्या मैदानाजवळ त्याला गवताच्या बियांचे वीसहून जास्त ढीग दिसले, प्रत्येक मूठभर. पावसाच्या सुरुवातीला भिजलेलं धान्य मुंग्यांनी पहिल्याच उन्हात वर काढलं असावं, आणि साठा जानेवारी-फेब्रुवारीत गवत पिकलं तेव्हाचा असावा, असं त्याने लिहिलं. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसानंतर पुन्हा तेच दृश्य दिसलं. म्हणजे थंडीत गोळा करायचं, पावसाळ्यात पुरवायचं. आपल्या आज्या उन्हाळ्यात पापड-कुरडया करून डबे भरायच्या, त्यातलाच प्रकार.

थंड देशांतल्या अभ्यासकांना मात्र मुंग्या धान्य साठवतात हेच खरं वाटत नव्हतं. त्यांच्याकडच्या मुंग्या हिवाळाभर निपचित पडून असतात, त्यांना कोठार हवं कशाला? पुढे मॉग्रिज नावाच्या अभ्यासकाने दक्षिण फ्रान्समध्ये मुंग्यांची कोठारं उकरून पाहिली आणि १८७३ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. इसापाच्या नावावरच्या जुन्या ग्रीक गोष्टीत मुंग्या हिवाळ्यात भिजलेले दाणे वाळवत असतात, आणि तेव्हा तो भुकेला किडा त्यांच्याकडे खायला मागायला येतो. हिवाळ्यात दाणे भिजले कसे? कारण ग्रीसमध्ये मुख्य पाऊस हिवाळ्यातच पडतो! तिथला हिवाळा म्हणजे मुंग्यांचा पावसाळाच. आपल्याकडे गोष्ट आली ती हिवाळा घेऊन, पाऊस मात्र वाटेतच राहिला.

म्हणजे त्या मुलाचं उत्तर आमच्या रानातही बरोबर होतं आणि इसापाच्या गावातही. चूक होती ती फक्त माझ्या लाल शाईची. त्याने मुंग्या पाहिल्या होत्या, मी नुसतं पुस्तक पाहिलं होतं.

आता तो पन्नाशीच्या घरात असेल. कुठे आहे, मला ठाऊक नाही. त्याचा एक मार्क मात्र माझ्याकडे अजून बाकी आहे.