लोकनायक अणे आणि सीमेवरची माणसे

परराष्ट्रात आपल्या सरकारची बाजू मांडणारा प्रतिनिधी आणि ग्रंथरचनेत रमणारा पंडित ही दोन रूपे एका व्यक्तीच्या ठायी क्वचितच एकत्र येतात. मराठी भाषकांत अशी जी थोडी नावे आहेत, त्यांत लोकनायक माधव श्रीहरी उपाख्य बापूजी अणे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. २९ ऑगस्ट १८८० रोजी ते वणी येथे जन्मले. त्यांचे वणी-यवतमाळ आणि आपले पांढुर्णा-सौंसर दीर्घकाळ एकाच मध्य प्रांत व वऱ्हाडात नांदले. तरीही आपल्याकडील जुन्या घरांतून त्यांची आठवण ‘वेगळ्या विदर्भाचे पुढारी’ एवढ्यापुरतीच उरली आहे. त्यांच्या चरित्राचा आपल्याशी याहून निकटचा संबंध आहे, असे आम्हांस वाटते.

बापूजी टिळकांचे अनुयायी होते. यवतमाळास त्यांनी वकिली केली आणि १९३० साली पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व करून कारावास पत्करला. मात्र अनुयायित्व म्हणजे मतांचे दास्य नव्हे, ही टिळकांचीच शिकवण त्यांनी पुढेही पाळली. जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मतभेद होताच १९३४ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांसमवेत त्यांनी निराळा पक्ष उभारला. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. अनेक जुन्या सहकाऱ्यांना ही गोष्ट रुचली नाही. परंतु फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये महात्माजींनी उपोषण आरंभिले, तेव्हा सर होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह बापूजींनी त्या पदाचा राजीनामा दिला.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून त्यांची सिलोनला नेमणूक झाली आणि १९४७ पर्यंत ते तेथे होते. तेथील चहा व रबराच्या मळ्यांत लक्षावधी तमिळ मजूर राबत. त्यांचे वाडवडील मद्रास इलाख्यातून आलेले; पुढच्या पिढ्या मात्र त्याच डोंगरउतारांवर जन्मलेल्या. हे लोक सिलोनचे की हिंदुस्थानचे, हा त्या काळचा कळीचा प्रश्न होता. १९४० आणि १९४१ मधील वाटाघाटी निष्फळ ठरल्या होत्या. अशा प्रसंगी प्रतिनिधीचे काम अवघड असते. ज्यांची बाजू मांडायची ते मजूर, ज्यांच्यापुढे मांडायची ते दुसऱ्या देशाचे सरकार आणि आपले स्वतःचे सरकार अद्याप परकीयांचे!

बापूजी परतल्यानंतर लवकरच, १९४८ साली, सिलोनच्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्या मळेकामगारांपैकी बहुतेकांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ करारान्वये ५,२५,००० जणांना भारताने व ३,००,००० जणांना सिलोनने स्वीकारावे असे ठरले. उरलेल्या १,५०,००० जणांचा निर्णय पुढे ढकलण्यात आला. वाटणी दोन सरकारांनी केली. ज्यांची वाटणी झाली, त्यांचे मत कोणी विचारले नाही.

हा इतिहास वाचताना आमचे मन वारंवार आपल्या गावांकडे वळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यासह आपण मध्य प्रदेशात राहिलो. राज्य पुनर्रचना आयोगाने ज्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, तोही याच आठ जिल्ह्यांचा होता. त्यातही पांढुर्णा-सौंसर नव्हते. ज्या विदर्भासाठी बापूजी आयुष्याच्या उत्तरार्धात झगडले, त्याच्या नकाशातही आपण काठाबाहेरच होतो, हे सत्य नाकारण्यात अर्थ नाही.

मळेकामगारांच्या वाट्याला आलेले आपल्या वाट्याला आले नाही. आपले नागरिकत्व, मताधिकार आणि शेतीवाडी अबाधित राहिली. त्यामुळे ही तुलना ताणू नये. तथापि एक सूक्ष्म परकेपणा आम्ही जाणतो. राज्य शासनाच्या सेवेत तीन दशके आम्ही हिंदीत टिपणी लिहिली, आणि ती आवडीने लिहिली. बघेलखंडात बदली झाली असता तेथील सहकारी विचारीत, “आप तो महाराष्ट्र के हैं न?” आमच्या पाच पिढ्या सौंसरच्या मातीत गेल्या, हे त्यांना समजावून द्यावे लागे. उलट नागपूरचे सोयरे लग्नकार्यात “आले मध्य प्रदेशवाले” म्हणून हसून स्वागत करीत. दोन्हींकडे प्रेम होते. दोन्हींकडे आम्ही पाहुणे होतो. आता ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला आहे. कचेरी जवळ आली. भाषेची काळजी मात्र आपल्याच घरी राहिली.

या काळजीवर बापूजींच्या आयुष्यात एक उत्तर सापडते. १९२८ साली मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशात, भरले. त्याचे अध्यक्ष बापूजी होते. मराठीचे घर तिच्या राज्याच्या सीमेने ठरत नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता? पुढे जानेवारी १९४८ पासून १९५२ पर्यंत ते बिहारचे राज्यपाल होते. पदे आली आणि गेली. अध्ययन सुटले नाही. उतारवयात त्यांनी लोकमान्यांचे चरित्र ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ या हजारो श्लोकांच्या संस्कृत महाकाव्यात गुंफले. २६ जानेवारी १९६८ रोजी ते निवर्तले, आणि १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या ग्रंथास मरणोत्तर लाभला.

कोलंबो व पाटणा ही त्यांची कर्मभूमी, संस्कृत ही काव्याची भाषा आणि मराठी ही मायबोली. यांपैकी एकीसाठी दुसरीचा त्याग त्यांनी केला नाही. आपल्या नातवंडांनी हिंदीत उत्तम शिकावे, इंग्रजीत नोकऱ्या कराव्यात. त्याबद्दल खंत नको. पण आजीने लिहिलेले पत्र त्यांना वाचता यावे, एवढी व्यवस्था कोणत्याही शासनाकडे न मागता आपल्याला करता येईल. रोज संध्याकाळी अर्धा तास आणि एक मराठी पुस्तक यांहून अधिक साहित्य त्यास लागत नाही.