अक्षराआधीचं वाचन

अंगणवाडीच्या भिंतीवर हमखास रंगवलेली असते ती वर्णमाला: अननसाचा अ, आगगाडीचा आ, ऋषीचा ऋ. पालघर जिल्ह्यात मी अंगणवाडीताईंच्या प्रशिक्षणाचं काम करते आणि या भिंतीशी माझं जुनं भांडण आहे. मोखाड्याच्या पाड्यावर अननस कुणाच्या ओळखीचा नसतो, ऋषी तर कुणीच पाहिलेला नसतो. ती चित्रं एक वेळ बदलता येतील. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला अजून हेच उमगलेलं नसतं की कागदावरच्या रेघा बोलतात, आणि आपण त्याच्याकडून त्या रेघांची नावं घोकून घेत बसतो.

शिकलेल्या घरातलं मूल हे न शिकवता शिकतं. आजी पोथी वाचते, आई सामानाची यादी करते, रात्री कुणीतरी पुस्तक उघडतं. कातकरी वाडीवर किंवा वारली पाड्यावर बहुतेक घरांत छापील म्हणावं असं काय, तर रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बिस्किटाचा पुडा. लिहिणं-वाचणं असतं कशासाठी, हे दाखवायचं काम मग अंगणवाडीवर येतं. माझ्या मते तिचं तेच पहिलं काम.

आम्ही सुरुवात हजेरीपासून करतो. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर प्रत्येकाचं नाव ठळक लिहायचं आणि पट्ट्या दाराजवळ मांडायच्या. मूल आलं की आपली पट्टी शोधून चिमट्यानं दोरीवर लावतं. सुरुवातीला ताई पट्टीच्या कोपऱ्यात फूल, मासा असं काही काढून देतात, पुढे ते चित्र झाकून टाकतात. सविता आणि सरिता एकाच अंगणवाडीत असल्या की दोघी एकाच पट्टीवर हक्क सांगतात, पट्ट्या शेजारी शेजारी धरतात आणि मधलंच अक्षर वेगळं आहे हे त्यांचं त्यांना सापडतं. वाचता येत नसताना अक्षराकडे इतकं निरखून बघणं, हे त्या रंगवलेल्या भिंतीनं कधी करवून घेतलेलं मला आठवत नाही.

दुसरं काम मुलाचं बोलणं लिहून घेण्याचं. मूल खडूनं गिचमिड काढतं. काय काढलंस, असं विचारलं की सांगत सुटतं: आजा खेकडे धरायला गेला, पाऊस आला, खेकडा बिळात पळाला. ताईंनी ते तिथल्या तिथे, मुलाच्याच बोलीत, चित्राखाली लिहायचं आणि बोट फिरवत वाचून दाखवायचं. इथे बऱ्याच ताई अडखळतात. हात आपोआप पुस्तकी मराठीकडे वळतो. ‘चुकीचं कसं लिहायचं, मॅडम?’ असं विचारतात. मी हट्ट धरते की जसंच्या तसं लिहा. आपण बोललो तेच शब्द कागदातून परत ऐकू आले, तरच मुलाला कळतं की हे आपलं आहे. दुसऱ्या दिवशी ते मूल तोच कागद मित्राला वाचून दाखवतं. अक्षर एकही येत नसतं, पण बोट डावीकडून उजवीकडे बरोबर सरकतं.

याला लागतं ते सगळं पाड्यावरच मिळतं, हा विश्वास या जिल्ह्याला नवा नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा पानं, बिया, शिंपले हाताशी घेतले. मुलं येईनात म्हणून शाळा त्यांच्या अंगणात भरवली, गुरं राखणाऱ्यांसाठी थेट कुरणात नेली. अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती १९७५ साली. आज अंगणवाडीत आहाराच्या आणि वजन-उंचीच्या नोंदी होतात, त्या व्हायलाच हव्यात. पण ताईंचा दिवस त्यात सरतो आणि आधी कापली जाते ती गोष्टीची वेळ.

अक्षरं शिकवूच नयेत, असं मात्र कुणी समजू नये. देवनागरी आपोआप येत नाही. ३४ व्यंजनं आणि त्यांची बाराखडी धरली तर चारशेवर रूपं होतात. त्यात पहिली वेलांटी बोलायला नंतर आणि लिहायला आधी. हे सगळं ओळीनं पाठ झाल्यावरच शब्दाला हात लावायचा म्हटलं, तर पहिलीचं वर्ष वाचल्याविना जातं. म्हणून पहिलीत आधी म, क, ल आणि काना एवढंच घ्यावं. तेवढ्यावर मका, काम, लाल, मामा, काका, कमला वाचून होतात. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी आणि वाडा तालुक्यात सोनाळ्याला ‘क्वेस्ट’मध्ये नीलेश निमकर यांनी हे अक्षरगटांचं काम नेटानं केलं आहे.

दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलंही बरोबर जातात. पावसाळाभर जमवलेलं तिथं विस्कटतं. विधायक संसद या संस्थेनं भट्टीवरच ‘भोंगाशाळा’ नावाच्या शाळा भरवून एक वाट दाखवली होती. अंगणवाडीच्या वयाच्या मुलांबाबत मी ताईंना सांगते: निघताना नावाची पट्टी आणि एक गोष्टीचं पुस्तक बांधून द्या, भट्टीचं गाव कळलं तर तिथल्या ताईंना फोन करा. पुस्तक फाटेल, चुलीच्या धुरानं काळं होईल, परत येणारच नाही, याची त्यांना धास्ती वाटते, कारण साहित्याचा हिशेब द्यावा लागतो. वरच्या कार्यालयांनी हा हिशेब सैल करावा. फाटलेलं पुस्तक खर्ची टाका, हरवलेलंही टाका, त्याच्या जागी नवं द्या. कुलपाआड कोरी राहिलेली पुस्तकं सापडली, तर मात्र जरूर जाब विचारा.